मूत्रपिंडाच्या कर्करोगाची प्रतवारी आणि प्रथिन-जैवचिन्हके : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

शस्त्रक्रियेने काढलेले मूत्रपिंड विकृतिशास्त्रज्ञाच्या मेजावर येते तेव्हा त्याच्याकडून दोन प्रश्नांची उत्तरे अपेक्षित असतात. अर्बुद कोणत्या जातीचे आहे, हा पहिला प्रश्न. आणि ते पुढे कसे वागेल, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंशतः 'अवस्थे'वरून मिळते. अर्बुद किती मोठे आहे, ते मूत्रपिंडाबाहेर, शिरांमध्ये किंवा लसिकाग्रंथींमध्ये पसरले आहे काय, यावरून अवस्था ठरते. उरलेले उत्तर 'श्रेणी' देते. श्रेणी म्हणजे पेशींच्या, विशेषतः त्यांच्या केंद्रकांच्या, रूपावरून ठरविलेला १ ते ४ यांपैकी एक अंक. अवस्था बव्हंशी मोजपट्टीने सांगता येते. श्रेणी डोळ्यांनी पारखावी लागते.

डोळ्यांनी पारखलेल्या या अंकाची जागा एखाद्या प्रथिनाने घ्यावी, अशी अपेक्षा गेल्या चार दशकांत वारंवार व्यक्त झाली. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी पीएसए, यकृत व वृषणाच्या काही अर्बुदांसाठी अल्फा-फीटोप्रोटीन अशी रक्तात मोजता येणारी प्रथिने वैद्यकाच्या नित्य वापरात आली. मूत्रपिंडाच्या कर्करोगाला असे नित्य वापरातील रक्तचिन्हक लाभले नाही. त्यामुळे अर्बुदाच्या ऊतीतच रंगवून पाहता येतील अशा प्रथिनांवर संशोधकांची भिस्त राहिली. अशा प्रथिनांना येथे 'जैवचिन्हक' म्हटले आहे.

ही अपेक्षा श्रेणीच्या बाबतीत पूर्ण का झाली नाही आणि तिच्यातून वेगळेच काय हाती आले, याचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासाकडे केवळ 'अयशस्वी चिन्हकांची यादी' म्हणून पाहणे अपुरे ठरते. प्रत्येक नव्या प्रथिनाची कसोटी श्रेणीच्या दगडावर घेतली गेली. आणि तो कसोटीचा दगडही त्याच काळात पुन्हापुन्हा घडविला जात होता. कोणत्याही विद्याशाखेत मोजमापाचे प्रमाण कसे ठरते, यात रस असणाऱ्या अध्यापकांना हे प्रकरण उद्‍बोधक वाटेल.

ग्राविट्झ यांचे अनुमान

इ. स. १८८३ मध्ये पाउल ग्राविट्झ या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने मूत्रपिंडातील पिवळसर, मेदयुक्त गाठींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर अशा गाठींना मेदार्बुदे समजले जाई. ग्राविट्झ यांनी दाखविले की त्या साध्या मेदाच्या गाठी नाहीत. त्यांतील फिकट, मेदाने भरलेल्या पेशी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातील पेशींसारख्या दिसतात. म्हणून गर्भावस्थेत मूत्रपिंडात अडकून राहिलेल्या अधिवृक्क ऊतीच्या अवशेषांतून ही अर्बुदे उद्‍भवत असावीत, असे त्यांनी सुचविले. निरीक्षण अचूक होते, अनुमान मात्र चुकले. १८९३ मध्ये पाउल झुडेक यांनी ही अर्बुदे मूत्रपिंडाच्या नलिकांपासूनच उत्पन्न होतात असे प्रतिपादन केले. तथापि ग्राविट्झ यांचे मत प्रभावी ठरले, आणि त्यातून 'हायपरनेफ्रोमा' हे नाव रूढ झाले. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथीचे अर्बुद, असा त्या नावाचा अर्थ. अर्बुदाचा उगम चुकीचा सांगणारे हे नाव विसाव्या शतकात बराच काळ रुग्णालयांच्या कागदपत्रांत नांदत राहिले.

वादाचा निकाल १९६० मध्ये लागला. ओबर्लिंग, रिव्हिएर आणि आगनो या फ्रेंच संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या फिकट पेशी पाहिल्या, तेव्हा त्यांना मूत्रपिंडाच्या समीपस्थ नलिकेतील पेशींची ठेवण आढळली. पेशी फिकट का दिसतात, याचे कारण साधे आहे. त्यांच्यात मेद आणि ग्लायकोजेन साठलेले असते; काचपट्टी तयार करताना वापरलेल्या द्रावणांत ते विरघळून जाते आणि मागे मोकळी जागा राहते. 'स्वच्छ-पेशी कर्करोग' हे आजचे नाव या रिकामेपणावरूनच आलेले आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगांत हीच जात सर्वाधिक आढळते.

दिसण्यावरून उगम ठरविण्यात सत्याहत्तर वर्षे झालेली ही गफलत येथे सांगण्याचे कारण असे की, श्रेणीसुद्धा दिसण्यावरूनच ठरते. फरक इतकाच की श्रेणी उगमाविषयी काही सांगत नाही. ती भविष्याविषयी सांगते, आणि भविष्य रुग्णांच्या पाठपुराव्याने पडताळून पाहता येते.

श्रेणी या कल्पनेचा उगम

कर्कपेशी आपले मूळ रूप किती प्रमाणात गमावते यावर तिचा घातकपणा अवलंबून असतो, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आला. डेव्हिड फोन हान्झेमान यांनी १८९० मध्ये या रूपहानीसाठी 'अ‍ॅनाप्लाझिया' ही संज्ञा योजली. या विचाराला अंकांचे रूप दिले ते अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी. १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगाच्या ५३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करताना त्यांनी अर्बुदाचा किती भाग मूळ ऊतीशी साम्य राखून आहे, याच्या चतुर्थांशांवरून चार श्रेणी पाडल्या. १९३२ मध्ये हँड आणि ब्रॉडर्स यांनी हीच पद्धत मूत्रपिंडाच्या कर्करोगाला लावली. तेव्हा या अर्बुदाच्या उगमाचा वाद मिटलेला नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अर्बुद कोठून आले हे निश्चित ठाऊक नसतानाही ते कसे वागेल हे सांगण्याचा प्रयत्न होऊ शकला, आणि तो काही अंशी यशस्वीही झाला.

त्यानंतरच्या काळात लक्ष संपूर्ण पेशीवरून केंद्रकाकडे सरकले. १९७१ मध्ये स्किनर आणि सहकाऱ्यांनी ३०९ रुग्णांच्या अभ्यासात केंद्रकाच्या रूपावर भर दिला. त्यातून पुढच्या प्रसिद्ध निबंधाची वाट तयार झाली.

फुर्मन, लास्की आणि लिमास यांचा निबंध

१९८२ मध्ये सुसान फुर्मन, लॅरी लास्की आणि कॅथरीन लिमास यांनी १९६१ ते १९७४ या काळातील १०३ रुग्णांच्या अर्बुदांचा पश्चलक्षी अभ्यास प्रसिद्ध केला. केंद्रकाचा आकार, त्याच्या कडेचा सुबकपणा किंवा खडबडीतपणा आणि केंद्रिकेचा ठळकपणा या तीन गुणांवरून त्यांनी चार श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत केंद्रक सुमारे १० मायक्रॉन व्यासाचे, गोल आणि एकसारखे. दुसरीत सुमारे १५ मायक्रॉन. तिसरीत सुमारे २० मायक्रॉन व कडा स्पष्टपणे वेड्यावाकड्या. चौथीत त्याहूनही विचित्र, अनेक खंडांची केंद्रके. मूत्रपिंडापुरत्या मर्यादित अशा पहिल्या अवस्थेतील ४५ रुग्णांपैकी पहिल्या श्रेणीच्या अर्बुदांचा किमान पाच वर्षे दूरस्थ प्रसार झाला नाही; वरच्या श्रेणींच्या अर्बुदांपैकी निम्म्यांचा झाला. अवस्था एकच, तरी वर्तन भिन्न, ही गोष्ट या निबंधाने ठसठशीतपणे दाखवून दिली. त्याची पुढील कीर्ती या एका निष्कर्षावर उभी आहे असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र निबंधातील दुबळ्या जागाही तितक्याच स्पष्ट होत्या. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण चार श्रेणींत अनुक्रमे ६४, ३४, ३१ आणि १० टक्के होते; म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत अंतर जवळपास नव्हते. केंद्रक मोठे पण कडा गुळगुळीत, अशा वेळी तीन गुणांपैकी कोणता प्रमाण मानावा, याचा खुलासा नव्हता. आणि १०३ अर्बुदे निरनिराळ्या जातींची होती, कारण त्या जाती तेव्हा वेगळ्या ओळखल्याच जात नव्हत्या. क्रोमोफोब ही जात मानवात प्रथम वर्णिली गेली ती १९८५ मध्ये, टोएनेस आणि सहकाऱ्यांकडून. जनुकीय आधारावरील हायडलबर्ग वर्गीकरण तर १९९७ चे. तरीही फुर्मन श्रेणी जगभर स्वीकारली गेली. ती स्वस्त होती, हे त्यामागचे एक कारण. हेमॅटॉक्झिलिन आणि इओसिन या दोन नित्याच्या रंगांपलीकडे तिला काहीही लागत नाही; त्यांपैकी पहिला मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळतो. जिथे सूक्ष्मदर्शक आणि अनुभवी डोळा आहे, तिथे ही श्रेणी देता येते. आपल्याकडील जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही बाब गौण नाही.

प्रतिपिंडांचे युग

फुर्मन यांचा निबंध आला त्याच सुमारास विकृतिशास्त्राच्या हाती एक नवे साधन आले होते. ऊतीतील प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड घ्यावे, त्याला रंग जोडावा आणि ते प्रथिन कोठे आहे हे डोळ्यांनी पाहावे, ही कल्पना अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रत्यक्षात आणली होती. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची, हवी तितकी प्रतिपिंडे बनविण्याची पद्धत शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८३ मध्ये कील येथे गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी विभाजन पावणाऱ्या पेशींच्या केंद्रकाला चिकटणारे केआय-६७ हे प्रतिपिंड तयार केले. शहराच्या नावाची आद्याक्षरे आणि प्रयोगातील संवर्धकोशाचा क्रमांक यांवरून त्याचे नाव पडले. वाढीचा वेग जणू घड्याळासारखा वाचता येईल, अशी आशा त्याने निर्माण केली. १९९८ मध्ये शेकडो अर्बुदांचे बारीक दंडगोल एकाच काचपट्टीवर मांडण्याची ऊती-सूक्ष्ममालिका पद्धत आली, आणि एका दिवसात एक प्रथिन शेकडो रुग्णांत तपासता येऊ लागले.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. पी५३, केआय-६७, व्हिमेन्टिन, सर्व्हायव्हिन अशा प्रथिनांवर निबंधांचा पूर लोटला. बहुतेकांचा साचा एकच असे : अमुक प्रथिन वरच्या श्रेणीत अधिक किंवा कमी आढळले, आणि ज्यांच्यात ते तसे आढळले ते रुग्ण लवकर दगावले. अशा निबंधांची मांडणी कशी असावी याविषयी २००५ मध्ये 'रीमार्क' नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करावी लागली, यावरूनच त्या काळातील गोंधळाची कल्पना यावी.

येथे एक तार्किक पेच आहे. एखादे प्रथिन श्रेणीशी घट्ट जुळत असेल, तर ते श्रेणी जे सांगते तेच पुन्हा सांगते. मग ते महागड्या पद्धतीने मोजण्याचे प्रयोजन काय? आणि ते श्रेणीशी मुळीच जुळत नसेल, तर त्याचा घातकतेशी संबंध आहे हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. म्हणून चिन्हकाची खरी परीक्षा अशी : अवस्था, आकार आणि श्रेणी गणितात आधीच धरल्यानंतर हे प्रथिन काही नवे सांगते काय? या परीक्षेत काय घडते हे एका प्रथिनाच्या उदाहरणाने सविस्तर पाहू.

कार्बॉनिक अनहायड्रेज-९ : एका चिन्हकाची कसोटी

या प्रथिनाचा शोध दोन ठिकाणी, दोन भिन्न हेतूंनी आणि एकमेकांच्या नकळत लागला. नेदरलँड्समधील लायडन येथे ऊस्टरवेइक आणि सहकारी मूत्रपिंडाच्या कर्करोगाला चिकटेल पण निरोगी मूत्रपिंडाला चिकटणार नाही असे प्रतिपिंड शोधत होते. १९८६ मध्ये त्यांनी असे प्रतिपिंड प्रसिद्ध केले आणि त्याला जी२५० हे नाव दिले. ते नेमके कोणत्या प्रथिनाला चिकटते, हे मात्र कळले नव्हते. तिकडे ब्रातिस्लाव्हा येथील विषाणुशास्त्र संस्थेत झावादा, पास्तोरेकोव्हा आणि सहकारी मानवी स्तनार्बुदाशी संबंधित वाटणाऱ्या एका गूढ 'विषाणू'चा माग काढीत होते. १९९२ मध्ये त्यांनी दाखविले की हे प्रकरण दोन घटकांचे आहे. एक घटक संसर्गाने पसरणारा, तर 'एमएन' हा दुसरा घटक पेशीचेच स्वतःचे प्रथिन. हे एमएन म्हणजे कार्बॉनिक अनहायड्रेज कुलातील नववे विकर, असे पुढे निष्पन्न झाले. कार्बन डायऑक्साइडचे पाण्याशी संयोग होऊन बायकार्बोनेट व आम्ल बनण्याची क्रिया हे विकर पेशीच्या पृष्ठभागावर घडवून आणते. २००० साली जी२५० चे लक्ष्य आणि एमएन ही एकच वस्तू असल्याचे सिद्ध झाले. विषाणू शोधणाऱ्यांना आणि कर्करोगाचे लक्ष्य शोधणाऱ्यांना एकच प्रथिन सापडले होते.

ते मूत्रपिंडाच्या कर्करोगात इतके विपुल का, याचे उत्तर तिसऱ्याच दिशेने आले. फोन हिप्पेल यांनी १९०४ मध्ये डोळ्यांतील आणि लिंडाऊ यांनी १९२६ मध्ये लहान मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या ज्या आनुवंशिक गाठी वर्णिल्या, त्या रोगाच्या कुटुंबांत मूत्रपिंडाचा कर्करोगही आढळतो. या रोगाचे व्हीएचएल हे जनुक १९९३ मध्ये हाती लागले, आणि पुढच्याच वर्षी आनुवंशिक नसलेल्या स्वच्छ-पेशी कर्करोगातही तेच जनुक बिघडलेले असल्याचे दिसून आले. निरोगी पेशीत प्राणवायू पुरेसा असताना व्हीएचएल प्रथिन हे एचआयएफ या दुसऱ्या प्रथिनाला नाशाच्या मार्गाला लावते. व्हीएचएल नष्ट झाले की एचआयएफ साठत जाते आणि प्राणवायू भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागू लागते. नव्या रक्तवाहिन्या मागविणारी प्रथिने बनविते, आणि त्यांच्याच बरोबर कार्बॉनिक अनहायड्रेज-९ ही. पेशी प्राणवायूची जाणीव कशी ठेवते याच्या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जैवचिन्हकांच्या जगात इतका भक्कम कार्यकारणभाव ज्याच्या पाठीशी आहे असे प्रथिन विरळा.

२००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून बुई आणि सहकाऱ्यांनी ३२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्बुदाच्या ८५ टक्क्यांहून अधिक पेशी या प्रथिनासाठी रंगल्या, तर भवितव्य चांगले. त्याहून कमी रंगल्या, तर वाईट. पसरलेल्या रोगात हा संबंध श्रेणी व अवस्था यांच्यापासून स्वतंत्र असल्याचे त्यांना आढळले. हा निष्कर्ष उत्साहवर्धक होता. चार वर्षांनी, २००७ मध्ये, मेयो क्लिनिकच्या लायबोविच आणि सहकाऱ्यांनी स्वच्छ-पेशी कर्करोगाच्या ७३० रुग्णांत तीच तपासणी केली. नुसते पाहिल्यास संबंध दिसला; पण केंद्रकाची श्रेणी किंवा अर्बुदातील मृत ऊतीचा भाग हिशेबात धरताच तो उरला नाही. निबंधाच्या शीर्षकातच हे प्रथिन स्वतंत्र भाकीतकर्ता नाही असे त्यांनी निःसंदिग्धपणे म्हटले. ज्या संस्थेत ब्रॉडर्स यांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या अर्बुदांना प्रथम श्रेणी दिली, त्याच संस्थेत श्रेणीने हा विजय मिळवावा, हा योगायोग मनोरंजक म्हणावा लागेल.

याचा अर्थ काय लावावा? प्रस्तुत लेखकास असे वाटते की येथे प्रथिन खोटे पडले नाही. त्याला चुकीचा प्रश्न विचारला गेला. व्हीएचएलचा नाश ही स्वच्छ-पेशी कर्करोगाच्या अगदी आरंभीची घटना आहे. म्हणून तिची खूण जवळजवळ सर्वच अर्बुदांवर असते, सौम्य आणि उग्र दोहोंवर. श्रेणी वाढत जाते तशी पेशी इतर अनेक बदलांच्या आहारी जाते आणि ही आरंभीची खूण काही ठिकाणी पुसट होते. पुसट होणे हे श्रेणीवाढीचेच एक अंग असल्यामुळे श्रेणी आधीच मोजली असता त्यातून नवे काही निघत नाही.

हेच प्रथिन लक्ष्य म्हणून वापरण्याची कथाही सरळ नाही. जी२५० पासून बनविलेले गिरेन्टुक्सिमॅब हे प्रतिपिंड शस्त्रक्रियेनंतर औषध म्हणून देण्याची चाचणी ८६४ रुग्णांत झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा लाभ दिसला नाही. मग त्याच प्रतिपिंडाला किरणोत्सारी झिर्कोनियम जोडून ते चित्रणासाठी वापरण्यात आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०० रुग्णांच्या चाचणीत मूत्रपिंडातील संशयित गाठ स्वच्छ-पेशी कर्करोगाची आहे किंवा नाही हे या चित्रणाने ८५.५ टक्के संवेदनक्षमतेने आणि ८७ टक्के विशिष्टतेने सांगितले. 'ही गाठ कोणती?' या प्रश्नाचे उत्तर ते प्रथिन देऊ शकले. 'ती कशी वागेल?' हा प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

कसोटीच्या दगडाची फेरघडण

प्रथिने श्रेणीपुढे हरत असतानाच श्रेणीची स्वतःची परीक्षा चालू होती. २४१ रुग्णांच्या अर्बुदांवर अनेक केंद्रांतील विकृतिशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे फुर्मन श्रेणी देऊन पाहिल्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार श्रेणींबाबत एकमत कमी पडते आणि श्रेणी एकत्र करून त्यांची संख्या घटविली की ते वाढते, असे त्यात दिसले. न्यूझीलंडचे ब्रेट डेलहंट यांनी तर मूळ निबंधाच्या पायावरच बोट ठेवले : तीन गुण एकत्र बांधण्यास आधार कोणता, आणि क्रोमोफोब अर्बुदाला ही श्रेणी लावावीच का? त्या जातीत केंद्रके मुळातच वेडीवाकडी असतात, आणि वर्तन मात्र बहुधा सौम्य.

आंतरराष्ट्रीय मूत्रविकृतिशास्त्र संघटनेच्या २०१२ च्या व्हँकूवर परिषदेत नवी पद्धत संमत झाली आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने ती स्वीकारली. पहिल्या तीन श्रेणी आता एकट्या केंद्रिकेवर ठरतात. चारशेपट वर्धनात केंद्रिका दिसत नाही किंवा अस्पष्ट दिसते, तर पहिली. चारशेपटीत स्पष्ट पण शंभरपटीत ठळक नाही, तर दुसरी. शंभरपटीतही ठळक, तर तिसरी. केंद्रकांची अतोनात विविधता, राक्षसी पेशी किंवा सार्कोमासदृश वा ऱ्हॅब्डॉइड रूप असेल, तर चौथी. ही पद्धत स्वच्छ-पेशी आणि पॅपिलरी या जातींसाठी पडताळलेली आहे. क्रोमोफोबला श्रेणी देऊ नये असे ठरले. व्यासाची मोजपट्टी गेली आणि तिच्या जागी भिंगाचे वर्धन आले.

म्हणजे २००३ आणि २००७ च्या अभ्यासांत प्रथिन ज्या श्रेणीशी तोलले गेले, ती श्रेणी आज त्या रूपात वापरात नाही. त्यामुळे त्या अभ्यासांचे निष्कर्ष रद्दबातल होतात असे नाही. परंतु जुना निष्कर्ष उद्धृत करताना तो कोणत्या श्रेणीच्या तुलनेत काढला होता हे सांगणे इतिहासदृष्ट्या अत्यावश्यक आहे. आढावा घेणाऱ्या लेखांत ही दक्षता अभावानेच आढळते.

प्रथिनांना सापडलेले स्थान

जातिनिर्णयाच्या क्षेत्रात प्रथिनांनी आपले स्थान पक्के केले. याचे उत्तम उदाहरण स्वच्छ-पेशी पॅपिलरी अर्बुदाचे आहे. निकामी झालेल्या मूत्रपिंडांत ते २००६ मध्ये वेगळे ओळखले गेले. साध्या रंगांत ते स्वच्छ-पेशी कर्करोगासारखेच भासते. पण त्याच्या पेशी सायटोकेराटिन-७ साठी सर्वत्र रंगतात, आणि कार्बॉनिक अनहायड्रेज-९ पेशीच्या तळाशी व बाजूंनाच, जणू पेल्याच्या आकारात, दिसते. या अर्बुदाचे वर्तन इतके निरुपद्रवी आढळले की २०२२ च्या जागतिक वर्गीकरणात त्याच्या नावातून 'कर्करोग' हा शब्दच काढून टाकण्यात आला. अहवालात तो शब्द असणे आणि नसणे यांत रुग्णाच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे सांगावयास नको. याच वर्गीकरणात फ्यूमरेट हायड्रेटेज किंवा सक्सिनेट डिहायड्रोजिनेज ही प्रथिने नाहीशी झाल्याने ओळखल्या जाणाऱ्या जातींनाही स्वतंत्र स्थान आहे. अशा ठिकाणी प्रथिनाचा अभाव हीच खूण ठरते, आणि ती कुटुंबातील इतरांच्या तपासणीची आवश्यकता सूचित करते.

श्रेणीच्या अगदी जवळ पोहोचलेले प्रथिन म्हणजे बॅप-१. डॅलस येथील ब्रुगारोलास यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखविले की ज्या स्वच्छ-पेशी अर्बुदांत हे प्रथिन नष्ट झालेले असते, ती वरच्या श्रेणीची असण्याकडे कल असतो. पीबीआरएम-१ या दुसऱ्या जनुकाचा बिघाड असलेली अर्बुदे मात्र सहसा वेगळी आणि तुलनेने सौम्य. दोन्ही बिघाड एकाच अर्बुदात क्वचितच भेटतात. येथे प्रथमच श्रेणीमागील जैविक कारणाचा काही भाग दिसू लागला. पण त्याच वर्षी गेर्लिंगर आणि सहकाऱ्यांनी एकाच रुग्णाच्या अर्बुदाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे जनुकीय बदल असल्याचे दाखवून दिले, आणि एका तुकड्यावरून संपूर्ण अर्बुदाविषयी बोलण्याच्या सवयीला, सूक्ष्ममालिकेच्या बारीक दंडगोलांसकट, धक्का बसला.

एकेका प्रथिनाऐवजी सगळी प्रथिने एकदम मोजण्याचे प्रयत्नही झाले. स्वीडनमध्ये २००३ पासून मथियास उलेन यांच्या नेतृत्वाखाली सुरू असलेल्या मानवी प्रथिन-नकाशा प्रकल्पात निरोगी व कर्करोगग्रस्त ऊतींची प्रतिपिंडांनी रंगविलेली असंख्य चित्रे जमा झाली. त्या चित्रांच्या वाचनाचा मोठा भार मुंबईतील विकृतिशास्त्रज्ञांनी उचलला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. नकाशा प्रथिनांचा असला तरी तो वाचण्यासाठी अखेर अनुभवी डोळेच लागले. २०१९ मध्ये अमेरिकेतील प्रथिन-जनुकीय संघप्रकल्पाने स्वच्छ-पेशी कर्करोगाच्या १०३ अर्बुदांचे सर्वांगीण विश्लेषण प्रसिद्ध केले. फुर्मन यांचे रुग्णही १०३ च होते. जनुकांचा संदेश वाढला म्हणून प्रथिन त्या प्रमाणात वाढतेच असे नाही, हे या विश्लेषणातून दिसले. त्यामुळे प्रथिने प्रत्यक्ष मोजण्याची गरज अधोरेखित झाली.

औषधाच्या दारात

२००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९६ रुग्णांत पीडी-एल१ हे प्रथिन तपासले. तेव्हा ते बी७-एच१ या नावाने ओळखले जाई. ज्यांच्या अर्बुदांत ते अधिक, त्यांचे रोगमान अधिक उग्र, असे आढळले. २००९ मध्ये याच संस्थेने बी७-एच१, सर्व्हायव्हिन आणि केआय-६७ या तिघांना एकत्र करून 'बायोस्कोर' नावाचा गुणांक मांडला. हे प्रथिन रोगप्रतिकारक पेशींना रोखते. म्हणून त्याची वाट अडविणारी औषधे ते अधिक असणाऱ्यांनाच लागू पडतील, असा तर्क स्वाभाविक होता. २०१५ मध्ये निव्होलुमॅब या औषधाची ८२१ रुग्णांतील चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान २५ महिने, तर तुलनेच्या गटाचे १९.६ महिने भरले. आणि हा लाभ पीडी-एल१ असो वा नसो, दोहोंना मिळाला. भवितव्याचे चिन्हक औषधाच्या निवडीचे चिन्हक ठरेलच असे नाही, हा धडा मूत्रपिंडाच्या कर्करोगापुरता तरी तेव्हा स्पष्ट झाला.

२०२१ मध्ये शस्त्रक्रियेनंतर पेम्ब्रोलिझुमॅब देण्याच्या, ९९४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कर्करोग परतण्याचे प्रमाण औषधाने घटले, आणि २०२४ मध्ये आयुष्यही लांबल्याचे प्रसिद्ध झाले. पीडी-एल१ ज्या साखळीचा दुवा आहे तीच साखळी तोडणारे हे औषध. पण चाचणीत कोणाला घ्यावे, हे त्या प्रथिनावरून ठरविले गेले नाही. अर्बुद मूत्रपिंडाबाहेर नजीकच्या ऊतीत किंवा शिरेत शिरले असेल, तर कोणतीही श्रेणी चालत होती. सात सेंटिमीटरहून मोठे पण मूत्रपिंडापुरतेच मर्यादित असेल, तर ते चौथ्या श्रेणीचे किंवा सार्कोमासदृश असणे आवश्यक होते. अशा अर्बुदाला कोणी तिसरी श्रेणी दिली, तर तो रुग्ण चाचणीबाहेर राहत असे.